जुनी मच्छीमार नौका विकायची आहे? आधी कागद, मग रंग

मे महिना निम्मा सरला की मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, सातपाटी अशा कुठल्याही बंदरात नौकांच्या विक्रीची बोलणी कानावर येऊ लागतात. कुणाची पुढची पिढी या धंद्यात नाही, कुणाला खलाशी मिळत नाहीत, कुणाला लहान नौका विकून मोठी घ्यायची आहे. बोलणी सुरू होतात ती इंजिनापासून आणि अडकतात ती कागदांपाशी. किमतीवरून फिसकटलेला व्यवहार चार दिवसांत विसरला जातो. नावावरून न उतरलेली नौका मात्र विकून झाल्यावरही वर्षानुवर्षं जुन्या नाखव्याची पाठ सोडत नाही.

इथे विचार केला आहे तो महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या यांत्रिकी मासेमारी नौकेचा, आणि तोही दलाल न घालता एका मालकाने दुसऱ्याला थेट विकण्याचा. पर्यटनवाल्यांना विकायची असेल तर काय वेगळं करावं लागतं, तेही मध्ये एका ठिकाणी सांगितलं आहे.

विकायचं नेमकं काय?

"बोट विकायची आहे" एवढ्यावर थांबू नका. डोळ्यांना दिसणारी नौका म्हणजे सांगाडा, इंजिन आणि गिअरबॉक्स, विंच (जाळी ओढायचं यंत्र), जाळी, उपकरणं. न दिसणारी नौका कागदावर असते: नोंदणी, मासेमारीचा परवाना, मच्छीमार सहकारी संस्थेतलं सभासदत्व, डिझेलचा कोटा. यातलं काय तुम्ही देताय आणि काय देऊच शकत नाही, हे पहिल्या फोनआधी स्वतःशी ठरवा.

नोंदणी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदणी नौकेची होते, ती मर्चंट शिपिंग कायद्याखाली. आयएनडी-एमएच ने सुरू होणारा क्रमांक त्यातूनच मिळतो. परवाना मिळतो तो महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली, आणि त्यावर कोणत्या प्रकारच्या जाळ्याने मासेमारी करायची हे लिहिलेलं असतं. नोंदणीवर नाव बदलून घेता येतं. परवान्यासाठी नव्या मालकाला स्वतः अर्ज करावा लागतो आणि तो द्यायचा की नाही हे मत्स्यव्यवसाय विभाग ठरवतो.

पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, बाबतीत हा फरक फार महागात पडतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशानंतर नवे पर्ससीन परवाने देणं बंद आहे. साहजिकच परवाना असलेल्या जुन्या नौकेला तिच्या लाकडापेक्षा जास्त भाव येतो आणि "परवान्यासकट देतो" असं सर्रास बोललं जातं. तुमच्या हातात नसलेली गोष्ट विकू नका. "हस्तांतरणासाठी लागणाऱ्या सर्व सह्या आणि कागदपत्रं देईन" एवढंच लिहून द्या. "परवाना नावावर करून देईन" हे वाक्य करारात गेलं आणि विभागाने नकार दिला, तर इसार परत मागायला समोरचा मोकळा.

कागदांची फाइल

नौकेला हात लावण्याआधी ही फाइल तयार करा. खरेदीदार आल्यावर शोधाशोध सुरू झाली की त्याच्या मनात शंका येते आणि शंका आली की भाव पडतो.

सगळ्यात वर नोंदणी प्रमाणपत्र. ते हातात घेऊन थेट नौकेवर जा आणि ओळ न् ओळ ताडून पाहा. दोन ठिकाणी हमखास घोळ निघतो. पहिला, इंजिन क्रमांक. मधल्या काळात जुनं इंजिन काढून दुसरं बसवलेलं असतं, अश्वशक्ती वाढलेली असते आणि प्रमाणपत्रावर मात्र पहिल्याच इंजिनाचा क्रमांक असतो. दुसरा, लांबी. मिस्त्रीकडे नौका ओढली तेव्हा दोन-चार फूट वाढवून घेतली, पण कार्यालयात कळवलंच नाही. हस्तांतरणाच्या वेळी अधिकारी पाहणीला आला आणि मापं जुळली नाहीत तर अर्ज तिथेच थांबतो, तेव्हा तुमचे निम्मे पैसे अडकलेले असतात. हे दुरुस्त करायचं काम विक्रीआधी विकणाऱ्याचंच. इंजिनाचं मूळ बिल असेल तर काम सोपं जातं. नसेल तर ज्याच्याकडून इंजिन घेतलं त्याच्याकडून लेखी घ्या.

आता नाव. नौका वडिलांच्या नावावर, वडील जाऊन काही वर्षं झालेली, चालवतोय थोरला भाऊ आणि विकायलाही तोच निघालेला, असं चित्र प्रत्येक गावात आहे. अशी नौका तो एकटा विकू शकत नाही. आधी वारसांची नोंद, बहिणींसह सगळ्यांची संमती, मग विक्री. बहिणींना विचारायची गरज नाही असं मानणारे बंदरावर अजून भेटतात. कायदा तसं मानत नाही. दोघांच्या नावावर नौका असेल तर दोघांच्याही सह्या लागतील. एक जण दुबईला असेल तर मुखत्यारपत्राची सोय आधीच करून ठेवा.

याखेरीज फाइलमध्ये चालू मासेमारी परवाना, विम्याची पॉलिसी, बांधणी करणाऱ्या मिस्त्रीचा किंवा यार्डाचा दाखला, इंजिन आणि गिअरबॉक्सची बिलं, उपकरणांची बिलं, आणि अलीकडच्या दुरुस्त्यांच्या पावत्या ठेवा. नोंदणी आणि परवान्याचं काम आता रिअलक्राफ्ट या केंद्राच्या पोर्टलवर चालतं. त्यावरची तुमच्या नौकेची माहिती उघडून छापून घ्या. मोबाइल क्रमांक जुना किंवा भलत्याचाच असतो, कारण कधीतरी सायबर कॅफेवाल्याने स्वतःचा टाकलेला असतो. तोही आत्ताच बदला, नाहीतर ऐन वेळी ओटीपी भलत्याच माणसाकडे जाईल.

दंड आणि प्रकरणं हा शेवटचा, पण नाजूक भाग. नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून दंडाच्या रकमा लाखांत गेल्या आहेत, आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोननेही टेहळणी होते. तुमच्या नौकेवर एखादं प्रकरण सुरू असेल तर ते मिटवा, किंवा खरेदीदाराला स्पष्ट सांगून किमतीत धरा. लपवण्यात अर्थ नाही. सहाय्यक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात एक फेरी मारली की त्याला कळणारच आहे.

बोजा असेल तर

राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून मच्छीमार संस्थेमार्फत बांधलेल्या कितीतरी नौका किनाऱ्यावर आहेत आणि त्यातल्या बऱ्याच थकबाकीत आहेत. अशी नौका तारण असते. कर्ज फिटून बेबाकी दाखला मिळाल्याशिवाय ती विकता येत नाही, मग हप्ते भरायचं कितीही वर्षं विस्मरण झालेलं असो. बँकेचं कर्ज असेल तरी तेच.

पदरचे पैसे भरून कर्ज फेडणं जमत असेल तर उत्तम. जमत नसेल तर खरेदीदाराच्या पैशातून फेडता येतं, पण पद्धत पाळावी लागते: संस्था किंवा बँकेकडून आजच्या तारखेची एकूण देय रक्कम लेखी घ्या, खरेदीदाराने ती रक्कम थेट कर्जखात्यात भरावी, पावती दोघांकडे राहावी, आणि बेबाकी दाखला हातात पडल्यावरच उरलेला व्यवहार पुढे सरकावा. "माझ्या खात्यात टाका, मी भरतो" या वाक्यावर शहाणा खरेदीदार विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये.

कागदावर न दिसणारा बोजाही असतो. मासळीच्या व्यापाऱ्याकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, बर्फ कारखान्याची उधारी, डिझेल पंपाची उधारी, जाळीवाल्याचे पैसे. यांची नोंद कुठल्या कार्यालयात नसते, पण ही मंडळी नौका ओळखतात. नव्या मालकाची पहिली फेरी जेट्टीला लागली की वसुलीला उभी राहतात. सगळ्यांचे हिशेब मिटवून, जमल्यास वहीवर सही घेऊन टाका. खलाशांना दिलेली उचल हा उलट्या बाजूचा हिशेब. ते पैसे तुमचे आणि ते वसूल करायचे तुम्हीच. नव्या मालकाकडे खलाशी गेले म्हणून उचल आपोआप त्याच्या माथ्यावर जात नाही. त्याने ती घ्यायचं कबूल केलं तर रकमेसह लिहून ठेवा.

आणि डिझेलचा परतावा. राज्य शासनाकडून मिळणारा मूल्यवर्धित कराचा परतावा संस्थेमार्फत येतो आणि बऱ्याचदा उशिरा येतो. विक्रीच्या तारखेपर्यंतचा थकीत परतावा कुणाचा, हे करारात लिहा. माझ्या मते तो विकणाऱ्याचाच, कारण डिझेल त्याने भरलंय. पण हे तोंडी ठेवलं की दोन वर्षांनी संस्थेच्या कार्यालयात भांडण ठरलेलं.

कधी विकावी?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या काळात नौका वर ओढून शाकारलेल्या असतात. खरेदीदाराला नवा हंगाम साधायचा असतो, त्यामुळे त्याची धावपळ जुलैत सुरू होते. पण जुलैत नौका झापांखाली. इंजिन सुरू करून पाण्यात चालवून दाखवता येत नाही. न पाहता घेणारा माणूस हात आखडूनच पैसे देतो.

म्हणून बोलणी एप्रिल-मेमध्ये करा. नौका चालू स्थितीत असते, मासळी उतरवताना खरेदीदार स्वतः पाहतो, चाचणी फेरी होते. इसार मेअखेर. बंदीचे दोन महिने कार्यालयातल्या कामाला मिळतात, आणि ऑगस्टमध्ये नारळ वाहायला नौका नव्या मालकाच्या नावावर असते. या वेळापत्रकाचा आणखी एक फायदा असा की पावसाळ्यात नौकेची ओढणी, रंग, फळ्यांच्या फटींत कापूस भरणं हा खर्च कुणी करायचा यावर बोलणी करता येतात. बऱ्याचदा खरेदीदाराला ते काम स्वतःच्या मिस्त्रीकडून करून घ्यायचं असतं. मग तो खर्च किमतीतून वजा करा आणि तुम्ही मोकळे व्हा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ऐन हंगामात विकायला काढलेल्या नौकेकडे लोक संशयाने पाहतात. अडचण खरी असेल तर विका, पण कारण स्पष्ट सांगा.

किती खर्च करावा विकण्याआधी?

थोडाच. सगळ्यात वाईट पैसा म्हणजे विक्रीच्या तोंडावर मारलेला जाड रंग. ज्याने आयुष्य समुद्रावर काढलंय तो ताजा रंग पाहिला की त्याखाली काय आहे ते शोधायला लागतो. लाकडी नौकेवर घाईने फायबर मारून घेणं तर त्याहून वाईट. कुजलेल्या फळीवर फायबर चढवलं की आतली कूज झाकली जाते, थांबत नाही, आणि खरेदीदाराचा मिस्त्री हातोडीने ठोकून आवाजावरून ते पाच मिनिटांत ओळखतो.

करायचं ते एवढं: खण रिकामे करून धुवा, वास घालवा. तळात साचलेलं तेलकट पाणी उपसा. तुटकी वायरिंग, लटकणारे दिवे नीट करा. इंजिनाचं तेल आणि फिल्टर बदला, बॅटऱ्या भारित ठेवा. क्रमांक ठसठशीत रंगवा. सुकाणू, पंखा आणि शाफ्टमध्ये ढिलेपणा असेल तर दुरुस्त करा, कारण चाचणी फेरीत नौका थरथरली की खरेदीदाराच्या मनात इंजिनाबद्दलच शंका येते.

मोठी दुरुस्ती, म्हणजे इंजिन उघडणं किंवा पठाणाजवळच्या (तळाच्या कण्याजवळच्या) फळ्या बदलणं, विक्रीसाठी म्हणून करू नका. तिचे पैसे पूर्ण वसूल होत नाहीत. दोष सांगा आणि किंमत कमी धरा.

किंमत कशी धरायची

शेजारच्याची नौका किती लाखांत गेली हे ऐकून किंमत ठरवणं ही बंदरावरची रीत. पण त्या किमतीत जाळी होती का, इंजिन किती जुनं होतं, परवाना कसला होता, हे कुणी सांगत नाही. त्याऐवजी तुकडे पाडा.

सांगाडा: लाकूड कुठलं, कधी बांधली, फळ्या शेवटच्या कधी बदलल्या. साग आजही मान राखून आहे. फायबरच्या नौकेत पाहायचं ते इंजिनाचा पाया, मागची बाजू आणि तळावरचे फोड. इंजिन: कंपनी, वर्ष, शेवटचं उघडकाम, सुटे भाग जवळपास मिळतात का. सहा सिलिंडरच्या लेलँडला कोकणात कुठेही मेकॅनिक मिळतो, म्हणून ते जुनं असलं तरी विकलं जातं. जाळी आणि विंच वेगळे. उपकरणं वेगळी: जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस.

समजा या हिशेबाने सांगाडा ७ लाख, इंजिन-गिअरबॉक्स ५ लाख, विंच आणि दोर दीड लाख, जाळी २ लाख, उपकरणं ५० हजार, अशी बेरीज १६ लाख झाली. आता खरेदीदार डोलीवाला (एका जागी बांधलेल्या डोल जाळ्याने मासेमारी करणारा) असेल तर त्याला तुमची ट्रॉलची (नौकेमागे ओढत न्यायची) जाळी आणि विंच नकोच आहे. साडेतीन लाख वजा करून त्याला साडेबारा सांगता येतात आणि जाळी वेगळी विकता येते. एकच आकडा धरून बसणाऱ्याला हे सुचत नाही. शिवाय घासाघीस तुकड्यावर होते, पूर्ण नौकेवर नाही: "इंजिनाचे पन्नास हजार कमी करा" हे ऐकायला आणि मान्य करायला सोपं.

तुमची शेवटची किंमत घरात ठरवा आणि बंदरावर कुणालाही सांगू नका, जिवलग तांडेलालाही (नौका चालवणाऱ्यालाही) नाही. संध्याकाळपर्यंत ती जेट्टीभर होते.

खरेदीदार कुठून येतो

नौका विकली जाते ती बहुतेक वेळा तोंडी बातमीने. बातमी पेरायची जागा म्हणजे मिस्त्रीचं यार्ड, इंजिन मेकॅनिक, बर्फ कारखाना, संस्थेचं कार्यालय. मिस्त्रीला आधी सांगा. नवी नौका बांधायची म्हटलं की विभागाची परवानगी लागते, त्यामुळे बांधणीची चौकशी करून परत फिरणारी माणसं त्यालाच माहीत असतात. व्यवहार जुळवून दिला तर त्याला काहीतरी द्यावं ही अपेक्षा असते. ते किती, हे आधीच बोलून घ्या.

व्हॉट्सॲपवर टाकायचं तर फोटो पाण्यातले आणि ओढलेल्या अवस्थेतले, दोन्ही टाका. लांबी, रुंदी, बांधणीचं वर्ष, इंजिन, जाळ्याचा प्रकार, बंदर आणि कर्ज आहे की नाही एवढं लिहा. नोंदणी प्रमाणपत्राचा आणि आधारचा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात दिली तर पहिले फोन "मी फौजेत आहे, न पाहता घेतो, क्यूआर कोड पाठवतो" असे येतील. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फोन ठेवून द्या.

परजिल्ह्यातला खरेदीदार आला तर त्याला त्याच्या गावच्या संस्थेत सभासदत्व मिळणार आहे का, हे आधी विचारून घ्या. परराज्यातला असेल, म्हणजे गोवा, कर्नाटक, गुजरातचा, तर इथली नोंदणी काढून तिथे नव्याने करावी लागते. वेळ जास्त जाईल, तेव्हा इसारही जास्त घ्या.

पर्यटनवाला हा वेगळाच गिऱ्हाईक. मालवण-तारकर्लीकडे किंवा खाडीत पाहुणे फिरवायला त्याला नौका हवी असते. मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी नेता येत नाहीत. मासेमारीची नोंदणी रद्द होऊन महाराष्ट्र सागरी मंडळाकडे तपासणी आणि नवी नोंदणी व्हावी लागते. ती तुमची जबाबदारी नाही, पण तुमच्या नावावरची नोंदणी रद्द झाल्याशिवाय ताबा देऊ नका. पाहुण्यांना घेऊन तुमच्या मासेमारी क्रमांकाची नौका उलटली तर पहिला फोन तुम्हाला येईल.

पाहणी आणि चाचणी फेरी

खरेदीदाराला मिस्त्री आणि मेकॅनिक घेऊन यायला सांगा. टाळाटाळ करणारा विकणारा नेहमी नुकसानीत जातो. लाकडी नौकेत जाणता मिस्त्री पहिल्यांदा पावसाचं पाणी साचतं तिथे चाकूचं टोक रोवून पाहतो: नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) आत, तख्ताच्या फळ्यांखाली, इंजिनाच्या पायाजवळ. खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं, गोड्या पाण्याने कुजतं. मग वाक पाहतो, खिळ्यांभोवतीचा गंज पाहतो, तळाशी समुद्री किडीची भोकं शोधतो. हे सगळं तुम्ही तुमच्या मिस्त्रीकडून आधीच करून घेतलेलं असेल तर समोरच्याच्या तोंडून आश्चर्य ऐकावं लागत नाही.

इंजिन थंड असताना सुरू करून दाखवा. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन मेकॅनिक हात लावूनच ओळखतो. तेलाची कांडी काढली आणि तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरतंय. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, काळा म्हणजे इंधन नीट जळत नाही. चाचणी फेरी भरतीवर काढा, खाडीच्या मुखाबाहेर थोडं जा, पूर्ण गतीवर काही वेळ ठेवा, गिअर पुढे-मागे टाका, परत येऊन तळ उपसून किती पाणी आलं ते दाखवा.

फेरीला जाताना नेहमीप्रमाणे नोंद करून जा, विमा आणि परवाना चालू असू द्या, खरेदीदाराच्या माणसांसाठीही लाइफ जॅकेट घ्या. सुकाणूवर तुमचाच तांडेल राहू दे. डिझेल कुणाचं हा प्रश्न फालतू वाटतो, पण फेरीआधी विचारून घ्या. गंभीर खरेदीदार स्वतःहून देतो. नुसता फिरायला आलेला तेव्हाच ओळखू येतो.

इसार, करार, पैसे

बोलणी जुळली की त्याच दिवशी इसारपावती करा. त्यात नौकेचं नाव, नोंदणी क्रमांक, इंजिन क्रमांक, एकूण किंमत, इसाराची रक्कम, उरलेले पैसे कधी आणि कुठल्या टप्प्यावर, आणि व्यवहार मोडला तर इसाराचं काय, एवढं हवंच. विभागाने हस्तांतरण नाकारलं तर इसार परत, खरेदीदाराने माघार घेतली तर जप्त, तुम्ही माघार घेतली तर परत अधिक ठरलेली भरपाई, असं तिन्ही शक्यतांचं उत्तर लिहा.

पूर्ण करार मुद्रांकावर करून नोटरीसमोर सह्या करा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० रुपयांचा मुद्रांक चालत नाही, किमान ५०० रुपयांचा लागतो. कराराला सामानाची यादी जोडा. यादीत "इतर साहित्य" असा शब्द नको: नांगर किती, दोर किती वाव, जाळी किती, लाइफ जॅकेट किती, बॅटऱ्या किती. "नौका आहे त्या स्थितीत, पाहणी आणि चाचणी करून घेतली" हे वाक्य ठेवा, पण त्याच्या आडून माहीत असलेला दोष लपवू नका. तो दोषही यादीत लिहा. पुढे वाद झाला तर तेच वाक्य तुम्हाला वाचवतं.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे, आणि दंड होतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेएवढा. "दहा-दहा हजारांनी आणून देतो" म्हटलं तरी तो एकच व्यवहार धरला जातो. व्यवसायाच्या हिशेबात नौकेवर घसारा घेत असाल तर विक्रीआधी हिशेबनीसाला विचारा.

टप्पे असे ठेवले तर दोघांचंही मन शांत राहतं: करारावर इसार, कर्ज फिटून आणि हस्तांतरणाचा अर्ज दाखल होऊन पावती मिळाली की मोठी रक्कम, नोंदणीवर नाव बदललं की शेवटची रक्कम आणि त्याच वेळी ताबा. खरेदीदार हंगामाची घाई करेल आणि म्हणेल, "अर्ज टाकलाय ना, नौका द्या, आठवड्याभरात नाव होईल." इथे ठाम राहा. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं हप्त्याने नौका दिल्या-घेतल्या जातात, नाव मूळ मालकाचं आणि नौका दुसऱ्याची. नातेवाइकांत हे खपून जातं असं वाटतं. पण २००८ च्या मुंबई हल्ल्यातले अतिरेकी 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून प्रत्येक क्रमांकामागचा माणूस पोलीस आणि तटरक्षक दल तपासतं. त्या आठवड्याभरात एखादा खलाशी पाण्यात पडला, नौका मासेमारीला बंदी असलेले एलईडी दिवे लावून पकडली गेली किंवा हद्द ओलांडली, तर विचारणा नोंदणीवरच्या नावाला होते. अगदीच ताबा द्यावा लागला तर तारीख आणि वेळेसह ताबापावती करा, विमा चालू ठेवा, आणि सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयात व सागरी पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

नाव बदलल्यानंतर

रिअलक्राफ्टवर नव्या मालकाचं नाव दिसतंय याचा छापील पुरावा घ्या. मासेमारीचा परवाना अजून तुमच्या नावावर असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज वेगळा द्या. नोंदणी गेली म्हणून परवाना आपोआप जात नाही. १२ सागरी मैलांपलीकडे मासेमारीसाठी नोव्हेंबर २०२५ च्या केंद्राच्या नियमांनुसार यांत्रिकी नौकांना त्याच पोर्टलवरून प्रवेशपास काढायचा असतो. तुमच्या नावाने काढलेला असेल तर तोही बंद करून घ्या.

संस्थेला विक्रीचं पत्र द्या, डिझेलचा कोटा त्या तारखेपासून थांबवायला सांगा. जेट्टीवरच्या सुरक्षा रक्षकांना आणि सागरी पोलिसांना नव्या मालकाचं नाव कळवा. नौकेवर ट्रान्सपाँडर (नौकेचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र) बसवलेला असेल (३० ऑगस्ट २०२४ ला पालघरच्या कार्यक्रमात सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतले बरेच बसले आहेत) किंवा संकटात इशारा पाठवणारं डॅट यंत्र असेल, तर त्याच्या नोंदीतला संपर्क क्रमांक बदलून घ्या. नाहीतर मध्यरात्री दुसऱ्याच्या नौकेवरून आलेल्या इशाऱ्यासाठी तटरक्षक दलाचा फोन तुमच्या घरी वाजेल आणि बुडणाऱ्या माणसांची महत्त्वाची मिनिटं तुम्हाला नवा मालक शोधण्यात जातील.

विमा कंपनीला विक्रीची तारीख लेखी कळवा. पॉलिसी नव्या मालकाकडे आपोआप जात नाही. त्याला नवी घ्यावी लागेल, आणि तुमच्या उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का ते पॉलिसीच्या अटींवर आहे, विचारून पाहा. करार, ताबापावती, बँकेच्या नोंदी, बेबाकी दाखला आणि सगळ्या पोचपावत्या यांची एक प्रत घरात, एक स्कॅन करून मोबाइलमध्ये ठेवा. जुन्या प्रकरणाची नोटीस दोन वर्षांनी आली तर उत्तरासोबत विक्रीच्या तारखेचा कागद लावावा लागतो.